आरशावर खापर फोडू नका

बसा. मोबाइल खिशात, वह्या बाकावर. आणि हा तुमचा प्रकल्प-अहवाल मधोमध ठेवा, म्हणजे चौघांनाही दिसेल. मुखपृष्ठ झकास आहे, स्पायरल बाइंडिंग झकास आहे, आभाराच्या पानावर माझं नाव ठळक अक्षरांत छापलंय. ते आधी खोडा. आत जे लिहून ठेवलंय त्याला माझं मार्गदर्शन लाभलं असं कुणी म्हटलं, तर मला कांजूरमार्गात तोंड दाखवायची सोय राहणार नाही.

विषय तुम्हीच निवडलात. मी म्हणत होतो, मोटरचा स्टार्टर करा, झेपेल. नाही! तुम्हाला प्रोजेक्टरमधल्या सूक्ष्म आरशांच्या चिपची प्रकाशीय कार्यक्षमताच काढायची होती. उत्तम. मग काढायची होती ना! चौथ्या पानावर लिहिता, ‘चिपची कार्यक्षमता ८९ टक्के आहे.’ आणि शेवटच्या पानावर निष्कर्ष काय? ‘चिपची कार्यक्षमता कमी असल्याने सोसायटीच्या सभागृहातील चित्र अंधुक दिसते, सबब जास्त ल्युमेनचा नवीन प्रोजेक्टर घ्यावा.’ अरे, ८९ टक्के मिळवणारी चिप नापास, आणि काठावर पास होणारे तुम्ही तिची उत्तरपत्रिका तपासणार? ही दोन पानं शेजारी ठेवून चौघांपैकी एकानेही वाचली नाहीत. एकाने पहिलं प्रकरण लिहिलं, दुसऱ्याने शेवटचं, तिसऱ्याने टायपिंग केलं आणि चौथ्याने बाइंडिंगचे पैसे दिले. याला प्रकल्प म्हणत नाहीत. याला पाट्या टाकणं म्हणतात.

आता तो ८९चा आकडा घेऊ. कुठून आणलात? मी सांगतो. दृश्य प्रकाशात अ‍ॅल्युमिनियमचा स्वच्छ पृष्ठभाग साधारण तेवढाच प्रकाश परत पाठवतो. तो धातूचा गुण आहे, चिपचा नव्हे. चिप म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा नव्हे हे तुमच्या आकृती क्रमांक दोनमध्येच दिसतंय. पण आकृती चिकटवताना ती बघायची असते, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

तुमच्या त्या जुन्या प्रोजेक्टरमध्ये १०२४ गुणिले ७६८ आरशांची चिप आहे. म्हणजे ७,८६,४३२ आरसे. एका आरशाच्या मध्यापासून पुढच्याच्या मध्यापर्यंत अंतर १३.६८ मायक्रोमीटर. प्रत्येक आरशाखाली मेमरीची एक पेशी. पेशीत एक असला की आरसा एका बाजूला १२ अंश कलतो, शून्य असला की दुसऱ्या बाजूला १२ अंश. एका कलाला प्रकाश भिंगातून पडद्यावर जातो, दुसऱ्या कलाला तो आतल्या काळ्या शोषकावर आपटतो आणि त्याची उष्णता होते. मधल्या छटा दाखवायला आरसा मध्येच थांबत नाही. तो सेकंदाला हजारो वेळा इकडून तिकडे होतो आणि सरासरी तुमचा डोळा काढतो. याचा अर्थ, पडद्यावर काळोख्या रात्रीचं दृश्य असलं तरी दिवा तेवढीच वीज खातो आणि बहुतेक प्रकाश शोषकात जातो. ही गळती मुद्दाम ठेवलेली आहे, त्याशिवाय चित्रच उमटणार नाही. तुमच्या अहवालात शोषकाचा उल्लेखसुद्धा नाही.

आता आरसे उघडे असतानाचा हिशोब मांडा. फळ्यावर ये रे, पहिल्या बाकावरचा. लिही. धातूचं परावर्तन, सुमारे ८९ टक्के. दोन आरशांमध्ये फट असते, कारण त्यांना कलायला जागा लागते. म्हणून चिपच्या क्षेत्रफळातला प्रत्यक्ष आरसा सुमारे ९२ टक्के. चिपवर काचेची खिडकी असते. प्रकाश तिच्यातून आत जातो आणि तिच्यातूनच बाहेर येतो, दर वेळी सुमारे ९७ टक्के उरतो. तू एकदाच लिहिलंस. दोनदा लिही. प्रकाश आत जाऊन तिथेच मुक्काम करत नाही. शेवटी विवर्तन, त्यात भिंगाच्या तोंडात पडतो तो सुमारे ८६ टक्के. आता गुणाकार कर. बेरीज नाही, सरासरी नाही, गुणाकार. किती आलं? सुमारे ६६ टक्के. म्हणजे चिपवर शंभर किरण आले तर सहासष्ट पुढे जातात. चिप बदलली, भिंग बदललं की हे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण तुमचे ८९ कुठल्याही प्रोजेक्टरमध्ये येणार नाहीत.

तुमच्यातल्या दोघांचे आजोबा इथेच कांजूरमार्ग पूर्वेला क्रॉम्प्टन ग्रीव्हजमध्ये ट्रान्सफॉर्मरच्या कामावर होते. घरी जाऊन त्यांना विचारा. ते ‘कार्यक्षमता चांगली आहे’ असं मोघम बोलणार नाहीत. तांब्यातला तोटा किती, लोखंडातला किती, भार वाढला की कुठला वाढतो आणि कुठला तसाच राहतो, हे ते वेगवेगळं सांगतील. ती माणसं तोटा मोजून मोठी झाली. तुम्ही फायद्याचा एक आकडा उचलता आणि त्यावर अहवाल उभा करता.

विवर्तनाचं नाव काढल्यावर तुम्ही एकमेकांकडे पाहिलंत ते मी पाहिलं. अहवालात तो शब्द एकदाच आहे, तोही चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घासह. एक आरसा हा आरसा असतो. सारख्या अंतरावर मांडलेले पावणेआठ लाख आरसे ही ग्रेटिंग असते, आणि ग्रेटिंग प्रकाशाला वाटेल त्या दिशेला जाऊ देत नाही. ठरावीक क्रमांच्या दिशांनाच जाऊ देते. करून बघा. प्रकाश चिपवर कर्णाच्या दिशेने २४ अंशांत येतो आणि सरळ बाहेर पडावा अशी अपेक्षा असते. १३.६८ गुणिले २४ अंशांची ज्या (साइन), भागिले दोनाचं वर्गमूळ. येतात ३.९३ मायक्रोमीटर. याला तरंगलांबीने भागा. ५६२ नॅनोमीटरला सात येतात, ४९२ला आठ येतात. तिथे सगळं जुळतं आणि प्रकाश एकगठ्ठा भिंगात जातो. आता तुमच्या आवडीचा, रस्त्यावर मिळतो तो ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर घ्या. उत्तर ७.४. साताच्या आणि आठाच्या मध्ये. मग तो लेझर बिचारा चार दिशांना वाटला जातो आणि त्यातला काही भाग भिंगाबाहेर पडतो. दिव्याच्या पांढऱ्या प्रकाशात सगळ्या तरंगलांब्या असतात आणि कोनही पसरलेले असतात, म्हणून तिथे हे सरासरीत निघून जातं. ‘भविष्यातील वाव’ या मथळ्याखाली तुम्ही काय लिहिलंय? ‘दिव्याऐवजी लेझर बसविल्यास चिपची कार्यक्षमता आपोआप वाढेल.’ आपोआप! उचलली जीभ, लावली टाळ्याला. कुठला लेझर, कुठल्या अंतराचे आरसे, किती अंशांचा कल, हे विचारल्याशिवाय वाढेल की घटेल ते ब्रह्मदेवही सांगणार नाही.

पण खरी गळती चिपच्या आत नाहीच. ती चिपच्या दाराशी आहे आणि तिच्याबद्दल तुमच्या अहवालात चकार शब्द नाही. तिला प्रकाशाचे लोक एटेंड्यू म्हणतात. क्षेत्रफळ आणि प्रकाशाचा शंकू किती उघडा आहे, या दोहोंचा गुणाकार. प्रकाशाचा झोत भिंगांनी लहान जागेत गोळा करता येतो, पण मग त्याचा शंकू रुंदावतो. शंकू अरुंद करायला जावं तर झोत पसरतो. गुणाकार कमी होत नाही. होणारच नाही. सकाळी नऊला कांजूरमार्ग स्टेशनवर उतरा. फलाटभर माणसं असतात आणि जिना ठरावीक रुंदीचा. मागून कितीही रेटलं तरी एका वेळी मावतील तेवढीच वर चढतात. चिपचं दार तसंच आहे.

दाराचं माप काढा. चिप १४ मिलिमीटर गुणिले साडेदहा, म्हणजे १४७ चौरस मिलिमीटर. आरसा १२ अंश कलतो, म्हणून आत येणारा आणि बाहेर जाणारा शंकू एकमेकांत मिसळू नये यासाठी शंकूचा अर्धा कोनही १२ अंशांच्या आसपासच ठेवावा लागतो. भिंगाच्या भाषेत एफ २.४. गुणाकार येतो सुमारे २०. यापेक्षा जास्त पसरलेला प्रकाश तुम्ही काशीला जाऊन आणलात तरी चिप घेणार नाही. म्हणूनच प्रोजेक्टरचा दिवा हा नुसता मोठा दिवा नसतो. १९९०च्या दशकात जे पाऱ्याचे उच्चदाबाचे दिवे आले, त्यांची खरी करामत वॅटमध्ये नव्हती. ठिणगी जेमतेम एक मिलिमीटरभर लांबीत कोंडली, ही होती. ठिणगी लहान म्हणजे झोत लहान, म्हणजे दारातून जास्त आत. तुम्ही अहवालात सुचवलंय, ‘दुप्पट वॅटचा दिवा बसवावा.’ त्या दिव्याची ठिणगी लांब असली तर वाढलेला प्रकाश दाराबाहेरच राहील, खोका तापेल, पंखा ओरडेल आणि पडद्यावर फारसा फरक दिसणार नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

ज्यांनी ही चिप बनवली त्यांनी काय केलं ते बघा. सुरुवातीचे आरसे १० अंश कलत. मग १२ अंश झाले. दोनच अंशांचा फरक, पण दोन्ही कोनांच्या ज्यांचे वर्ग घेऊन भागा: दार ४३ टक्क्यांनी रुंद झालं. पुढे आरसा आणखी लहान करायची वेळ आली, ७.५६ मायक्रोमीटरवरून ५.४वर. क्षेत्रफळ जवळजवळ अर्ध्यावर आलं. तुम्ही असतात तर तिथेच हात टेकले असते आणि ‘तंत्रज्ञानाची मर्यादा’ असा एक परिच्छेद ठोकला असता. त्यांनी कल १७ अंशांवर नेला. शंकू जवळजवळ दुप्पट झाला. अर्धं गुणिले दुप्पट, प्रत्येक आरशाचं दार होतं तेवढंच राहिलं. याला म्हणतात गुणाकार समजणं.

पुढे चला. तुमच्या प्रोजेक्टरमध्ये एकच चिप आहे. तीन रंग ती एकदम दाखवू शकत नाही. समोर रंगीत चकती फिरते, तांबडा, हिरवा, निळा आळीपाळीने. तांबडा तुकडा समोर असतो तेव्हा हिरवा आणि निळा प्रकाश परत पाठवला जातो. म्हणजे पांढऱ्या प्रकाशातला साधारण तिसरा हिस्साच कामाला येतो. दोन रंगांच्या सीमारेषेवर रंग मिसळतात, तेवढा वेळही बहुधा टाकून द्यावा लागतो. ही कमतरता झाकायला कंपन्या चकतीत एक पांढरा तुकडा घालतात. त्याने पांढरं पान लखलखतं आणि खोक्यावरचा ल्युमेनचा आकडा फुगतो, पण लाल साडी विटकरी दिसते. खोक्यावरचा आकडा पांढऱ्या पडद्याचा असतो, हे दुकानदार सांगणार नाही. ते शोधणं तुमचं काम होतं.

आता सगळा रस्ता एकत्र लावा. २०० वॅटचा दिवा, वॅटला साधारण ६० ल्युमेन, म्हणजे १२,००० ल्युमेन. पडद्याकडे निघतात २,००० ते २,५००. बाकीचे सगळे काही आरशांनी खाल्ले नाहीत. दिव्यापासून दारापर्यंत, चकतीत, भिंगांच्या पृष्ठभागांवर आणि चिपच्या कडेबाहेर सांडून त्यातले बहुतेक गेले. या वाटेत चकतीपेक्षा कितीतरी प्रामाणिक कोण? तुम्ही जिला नापास केलंत तीच चिप.

आणि एवढं करून सभागृहातलं चित्र अंधुक का होतं? तो प्रोजेक्टर मी तुमच्यासमोर याच टेबलावर उघडला होता. तुम्ही फोटो काढत होतात, बघत नव्हतात. चकतीच्या मागे एक पोकळ चौकोनी नळी होती. आरशाच्या चार पट्ट्या कडेला कडा लावून चिकटवलेल्या. दिव्याचा गोल, मध्ये झगझगीत आणि कडेला मिणमिणता झोत या नळीत शिरतो, भिंतींवर आपटत आपटत पुढे जातो आणि चिपच्या आकाराचा सपाट आयत होऊन बाहेर पडतो. तुमच्या नळीची एक पट्टी उष्णतेने डिंक सुटून खाली सरकली होती. उरलेल्या पट्ट्यांवर धुळीचा तपकिरी थर भाजून बसला होता. पडद्याच्या एका कडेला पिवळट सावली पडत होती ती त्यामुळे. चिप बिघडली असती तर सावली पडली नसती. ठिपके दिसले असते, अडकलेल्या एकेका आरशाचं एकेक टिंब. सावली आणि ठिपका यांतला फरक भिंतीवर हातभर मोठा दिसत असताना तुम्ही ‘चिपची कार्यक्षमता कमी’ असं लिहून मोकळे झालात. नाचता येईना अंगण वाकडं.

दिव्याचे तास पाहिलेत? मेनूमध्ये असतात. नाही पाहिले. अशा दिव्याचं आयुष्य खोक्यावर छापतात ते दिवा विझेपर्यंतचं नसतं. प्रकाश निम्म्यावर येईपर्यंतचं असतं. आडातच निम्मं पाणी उरलंय आणि तुम्ही पोहऱ्याला शिव्या देताय.

पडदा किती मोठा होता? ‘मोठा’ हे माप नाही. दोन मीटर बाय दीड मीटरचा पडदा घ्या. तीन चौरस मीटर. २,००० ल्युमेन पडले तर ६६७ लक्स. सोसायटीतल्या काकांनी सांगितलं म्हणून तुम्ही प्रोजेक्टर मागे नेऊन चित्र चार मीटर बाय तीन मीटर केलंत. बारा चौरस मीटर. आता १६७ लक्स. त्यात दिवा निम्म्यावर आलेला, म्हणजे ८३. आणि सभागृहातल्या ट्यूबलाइट चालू, कारण समोशांच्या बशा फिरत होत्या. ट्यूबलाइटचे शंभर लक्स पडद्यावर पडले तर तुमचं पांढरं १८३ आणि काळं १०० झालं. प्रोजेक्टर काळा रंग टाकत नाही रे बाबांनो. खोलीतला उजेड जेवढा पडद्यावर पडतो, त्याच्यापेक्षा काळं काही दिसूच शकत नाही. दोन बटणं बंद केली असती तर चित्र सुधारलं असतं. त्याऐवजी तुम्ही कमिटीला नवीन यंत्राचं कोटेशन आणून दिलंत.

शिवाय चित्र रुंद, १६ बाय ९. चिप ४ बाय ३. वरखालच्या पट्ट्या काळ्या ठेवल्या म्हणजे चिपचे २५ टक्के आरसे प्रकाश घेऊन सरळ शोषकात टाकत होते. सिनेमागृहातही हे चुकत नाही. २के प्रोजेक्टरची चिप २०४८ बाय १०८०. सिनेमास्कोप चित्रात त्यातल्या ८५८ ओळीच वापरात येतात. पण तिथे पडदा, दिवा आणि भिंग ठरवून ४८ निट्सचं माप गाठायचा नियम आहे आणि तो मीटर लावून तपासायचा असतो. तुमच्या अहवालात मीटरचं एकही वाचन नाही. ‘डोळ्यांना अंधुक वाटले’ हे वाचन नव्हे, ही तक्रार आहे.

ही चिप कशी जन्मली तेही ऐका. लॅरी हॉर्नबेक नावाच्या माणसाने टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये १९७७ साली पातळ पडदा वाकवून प्रकाश वळवायचा प्रयत्न सुरू केला. पडदा हवा तसा वाकेना. दहा वर्षं तो त्याच्यामागे होता. १९८७ साली त्याने वाकवणं सोडून कलणारे आरसे केले आणि ही चिप जन्माला आली. २०१५ साली तिच्यासाठी त्याला ऑस्कर मिळालं, सिनेमात एक संवादही न बोलता. आणि दूर कशाला, आपल्याच मध्य रेल्वेच्या रुळांवर पुढे कल्याणला महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ साली शांबरिक खरोलिकेचे खेळ सुरू केले. काचेवरची चित्रं दिव्याने पडद्यावर. घरोघरी वीज यायच्या आधीची गोष्ट. ल्युमेन वाढवा म्हणायला त्यांच्याकडे दुकान नव्हतं; आहे तो प्रकाश वाया न घालवणं एवढंच हातात होतं. तुमच्या खिशात सगळ्या जगाची माहिती आहे, आयआयटीला जाणारे रोज तुमच्याच स्टेशनवर उतरतात, आणि तुम्हाला एक गुणाकार शेवटपर्यंत नेववत नाही.

म्हणू नका की विषय अवघड होता. यातलं अवघड गणित कुठलं? ज्या, वर्ग, गुणाकार. अकरावीचं आहे. तुम्हाला गणित अडलं नाही, आळस आडवा आला. पहिला मिळाला तो आकडा धरला, त्याला सोयीचा दोषी शोधला आणि खर्च दुसऱ्याच्या खिशातून सुचवला. उद्या नोकरीत हेच कराल. पंप कमी पाणी देतोय, पंप बदला. पाइपात अडकलेला कचरा कोण काढणार? तुमच्या सहीवर कुणाचे तरी पैसे जाणार आहेत, हे आज शिका. नंतर शिकवायला मी नसेन.

आता काय करायचं ते लिहून घ्या. नळी साफ करून पट्टी नीट बसवा. डिंक उष्णता सहन करणारा आणा, शाळेतला गोंद नको. दिव्याचे तास नोंदवा. पडद्यावरचं चित्र पुन्हा दोन मीटर रुंदीवर आणा. लक्स मीटर प्रयोगशाळेच्या कपाटात आहे, मोडून आणलात तर भरून द्याल. दिवे बंद करून पडद्यावर नऊ ठिकाणी वाचन घ्या, दिवे लावून पुन्हा घ्या. दिव्यापासून पडद्यापर्यंत प्रत्येक टप्प्याचा एक रकाना करा, त्यात किती आलं, किती गेलं आणि कुठे गेलं ते लिहा. ज्या रकान्यात ‘कुठे गेलं’ रिकामं राहील तो माझ्यापुढे आणू नका. आणि कमिटीला दिलेलं ते कोटेशन परत घेऊन या, आजच, चौघांनी मिळून जाऊन.

हे सगळं होईपर्यंत या अहवालावर माझी सही मिळणार नाही. उठा आता, कामाला लागा.